तूच लिहून आण, मी सही करतो

दर्शना तांबे दमली होती. दिवसभर राबून संध्याकाळी दमावं, रात्री झोपावं आणि सकाळी पुन्हा ताजंतवानं उठावं, तसलं हे दमणं नव्हे. हे मुरलेलं दमणं होतं, बरणीतल्या लोणच्यासारखं. मिरजोळ्याच्या पुढच्या बौद्धवाडीत राहणारी, तेहतीस वर्षांची, इतिहासात एम.ए., एम.फिल., वर पाली भाषेची पदविका. आणि नोकरी? तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात उभी राहील तेवढ्या तासांचा पगार. परीक्षा आली, सुट्टी पडली, कुणी पुढारी वारला, की तास बुडाला आणि पगारही बुडाला. सकाळी रत्नागिरीतलं कॉलेज, दुपारी एस.टी. धरून पाली गावातलं कॉलेज, संध्याकाळी परत. ‘मी पाली शिकलेय’ असं बसमध्ये कुणाला सांगितलं, तर माणूस विचारायचा, ‘पालीत कुठं? हायस्कुलात?’ मग ती ‘हो’ म्हणून खिडकीबाहेर बघायची. किती जणांना समजावत बसणार?

सरकारनं मराठीबरोबर पाली भाषेलाही अभिजात दर्जा दिला, तेव्हा वाडीच्या विहारात पेढे वाटले होते. दर्शनाचा भाऊ अमरदीप एमआयडीसीतल्या कंपनीत आहे, तोंडाचा भारी फटकळ. पेढा तोंडात टाकून तो म्हणाला, ‘‘भाषेचं भलं झालं. आता भाषावालीचं कधी होतंय ते बघू.’’ सगळे हसले, दर्शनाही हसली. पण रात्री भांडी घासताना ते वाक्य तिला पुन्हा आठवलं.

तर ही दर्शना दोन वर्षं परदेशातल्या विद्यापीठांत अर्ज करत होती. इतिहास आणि अभिजात भाषा, असा जोडविषय शिकवणारे विभाग. प्रवेश मिळाला तर शिष्यवृत्तीही तेच देणार, नाही मिळाला तर ‘यंदा अर्ज फार उत्तम आले होते’ असं गोड पत्र पाठवणार. तशी गोड पत्रं तिच्याकडे बरीच झाली होती. यंदाचं हे तिसरं वर्ष, आणि शेवटचं. कारण इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोनच वर्षं चालतात, आणि तिचे गुण येत्या जानेवारीत शिळे होणार होते. पुन्हा ती परीक्षा द्यायची तिच्यात ताकद नव्हती. घरी तिनं सांगूनच टाकलं होतं, यंदा झालं तर झालं, नाहीतर बी.एड. करून कुठंतरी शाळेत चिकटायचं.

यंदा तीन ठिकाणी अर्ज होता आणि त्यात बाकी सगळं जमलं होतं. अडलं होतं शिफारसपत्राशी. तीन शिक्षकांची पत्रं लागतात. दोन मिळाली होती. तिसरं हवं होतं तिच्या एम.फिल.च्या मार्गदर्शकांचं, म्हणजे नेवरेकर सरांचं. आणि आपल्याकडे शिफारसपत्र कसं मिळतं, ते ज्यानं मागितलंय त्याला विचारा. सर मायेनं म्हणतात, ‘‘अगं, तूच लिहून आण, मी सही करतो.’’ यात सरांच्या मनात वाकडं काही नसतं हो! त्यांच्या सरांनीही त्यांना हेच सांगितलेलं असतं. विद्यार्थ्यानं आपली स्तुती आपणच लिहायची, आपणच टाइप करायची, आणि सरांच्या चहाच्या वेळेला हजर व्हायचं.

आता तर सहीही लागत नव्हती. परदेशातलं विद्यापीठ सरळ सरांच्या ईमेलवर दुवा पाठवतं, सरांनी तो उघडून पत्र चढवायचं. गुरुप्रसाद नेवरेकर सरांचा ईमेल दर्शनानंच काढून दिला होता. पासवर्ड तिलाच ठाऊक. म्हणजे बघा, अर्ज तिचा, पत्र तिचं, ते पाठवणारी तीच आणि ‘आपले पत्र मिळाले, धन्यवाद सर’ हे उत्तर वाचणारीही तीच. त्यात अर्जात एक चौकोन असतो. ‘माझ्याबद्दलचं शिफारसपत्र वाचण्याचा हक्क मी सोडत आहे.’ दर वर्षी दर्शना तिथं इमानेइतबारे टिक करायची आणि मग पत्र लिहायला बसायची.

आणि लिहायची तरी काय? ‘कु. दर्शना तांबे ही अत्यंत नियमित, नम्र आणि शिस्तप्रिय विद्यार्थिनी आहे. ती वडीलधाऱ्यांचा मान राखते.’ याच्यापुढं तिचा हात जायचाच नाही. लहानपणापासून ऐकत आलेली, की आपण आपलं चांगलं सांगू नये, लोक सांगतील. बरं, लोकांचं पत्र म्हणून तरी थोडं सांगावं? तेही नाही. त्या दुव्यात एक तक्ता असतो. ही विद्यार्थिनी तुम्ही शिकवलेल्यांत कुठं बसते? पहिल्या पाच टक्क्यांत, पहिल्या दहा, पहिल्या पंचवीस, का निम्म्यात? दर्शनानं दोन्ही वर्षं खूप विचार केला आणि ‘पहिल्या पंचवीस’वर टिक केली. स्वतःला पहिल्या पाचात कसं बसवायचं? तिला लाज वाटली. कुणी बघत नव्हतं, खोलीत एकटी होती, तरी लाज वाटली.

यंदा अमरदीपनं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ‘‘तायडे, अगो स्वतःचा पेपर स्वतः तपासायला मिळाला, नि पासापुरते मार्क दिलेस? तिकडं लोक पोरांना ढगात नेऊन बसवतात. नि तू म्हणतेस, पोरगी बरी आहे, वेळेवर येते. शिपायाची नोकरी मागतेस काय?’’

दर्शनाला राग आला, तो भावाचा नव्हे. तिनं लॅपटॉप पुढं ओढला, टक्क्यांच्या तक्त्यात ‘पहिल्या पाच’वर बोट नेलं, आणि पत्राच्या पहिल्या ओळीत ‘माझ्या मते ती अतिशय बुद्धिमान’ असं लिहिलं. ‘ती’ म्हणजे आपणच. ‘माझ्या मते’ म्हणजे सरांच्या मते. सरांचं असं मत आहे का? असेलही. सर तसं कधी बोलले नव्हते. ती त्या शब्दाकडे बघत राहिली, आणि एकाएकी तिला इतका कंटाळा आला की रडावं की झोपावं कळेना. तिनं शब्द खोडला. लॅपटॉप मिटला.

तिची आत्या, सुंदराबाई, दारात मीठ लावून वाळत घातलेले बांगडे उलटत होती. आत्यानंच दोघा भावंडांना वाढवलेलं. ती म्हणाली, ‘‘काय गो बाय, झाला काय लिवून?’’

‘‘नाय होत, आत्ये. स्वतःबद्दल नाय लिहिता येत.’’

‘‘मग ज्याचा काम त्याला सांग. तू कशाला दुसऱ्याच्या तोंडानं बोलतंस?’’

आत्या अंगठेबहाद्दर. पण तिनं काही मोठा उपदेश केला अशातला भाग नाही, ती बांगड्यांवर टपलेल्या मांजराला हाकलण्यात गुंतली होती. दर्शनाला मात्र ते बोलणं लागलं. दुसऱ्या दिवशी पालीचे तास संपवून ती परतीच्या एस.टी.तून थेट शहरात गेली आणि मांडवीच्या उतारावरच्या नेवरेकर सरांच्या घरी पोचली. वाटेत सगळा वेळ ती एकच वाक्य घोकत होती. ‘सर, यंदा पत्र तुम्ही लिहा.’ एवढंच. शब्द पाच.

सर निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी पुण्याला मुलाकडे गेलेल्या, त्यामुळं घरात सर एकटेच, बनियनवर, झोपाळ्यावर पेपर वाचत. ‘‘ये गं ये, दर्शना. आणलंस ना लिहून? का आता सही पण नको म्हणतात?’’

‘‘नाही आणलं, सर.’’

‘‘मग उद्या आण. काही घाई नाही.’’

‘‘घाई आहे. परवा मुदत संपते.’’ आणि तिनं घोकलेलं म्हणून टाकलं. ‘‘सर, यंदा पत्र तुम्ही लिहा.’’

सरांनी चष्मा काढला. ‘‘मी? अगं, मला तिकडची ती भाषा जमत नाही. तू छान लिहितेस.’’

‘‘मी छान लिहीत नाही. दोन वर्षं लिहिलं आणि दोन्ही वर्षं नकार आला. माझ्याबद्दल मला खरं काय ते लिहिता येत नाही. आणि खोटं मला लिहायचं नाही.’’ तिचा आवाज चढला, तसा तिनं तो खाली आणला. ‘‘माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुम्ही लिहा. माझा प्रबंध आहे ना तुमच्याकडे.’’

‘‘आहे ना, आहे. नसायला काय झालं?’’ सर उठले.

प्रबंध शोधायला बराच वेळ लागला. कपाटात नव्हता, माळ्यावर नव्हता. शेवटी जुनी दिनदर्शिका, लग्नपत्रिका आणि बँकेची कागदपत्रं यांच्या खाली सापडला. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. आणि वर बाइंडरनं घातलेली प्लॅस्टिकची पिशवी, तशीच बंद. पिशवीचा रबरबँड उन्हाळ्यांनी वितळून प्लॅस्टिकला चिकटला होता.

दोघंही त्या पिशवीकडे बघत राहिले. दर्शनानं त्या प्रबंधासाठी रत्नागिरी तालुका पालथा घातला होता, म्हाताऱ्या बायकांच्या पडव्यांत दिवसदिवस बसली होती. आणि तो नऊ वर्षं लग्नपत्रिकांखाली पडला होता. आत पहिल्या पानावर, बांधणीआधीच केलेली, सरांची सही होती, ‘हे काम माझ्या मार्गदर्शनाखाली पूर्ण झाले असून मी ते तपासले आहे’.

‘‘तुझाच नव्हे गं,’’ सर म्हणाले. ‘‘मी सगळ्यांच्याच प्रबंधांवर न वाचता सह्या करत होतो.’’

हे सांगितल्यावर तिला बरं वाटेल असं त्यांना वाटलं असावं. शिकलेल्या माणसालाही कधीकधी काय बोलू नये ते कळत नाही. दर्शनाला वाटलं, आता सरळ चालू पडावं. पण ती झोपाळ्यावर बसली ती बसलीच.

‘‘परवा मुदत आहे ना?’’ सरांनी विचारलं. रबरबँड त्यांच्या बोटाला चिकटला होता, तो ते सदऱ्याला पुसायला गेले आणि अंगात सदरा नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. ते आत जाऊन सदरा घालून आले. मग खिडकीशी खुर्ची घेऊन त्यांनी पिशवी फाडली आणि पहिलं पान उघडलं. दर्शना बसून राहिली. आपलं लिहिलेलं दुसरं माणूस वाचतंय आणि आपण समोर बसलोय, हे तिनं कधी अनुभवलं नव्हतं. सरांच्या चेहऱ्याकडे बघायची तिला भीती वाटत होती. ती अंगणातल्या रामफळाकडे बघत राहिली.

प्रबंधाचा विषय साधा होता. छप्पन्न साली धर्मांतर झालं, आणि त्यानंतर पाली वंदना कोकणातल्या वाड्यावाड्यांत पोचली. पोचवली कुणी? मुंबईत गिरण्यांत, गोदीत काम करणाऱ्या माणसांनी. ती मे महिन्यात गावी यायची, संध्याकाळी माणसं जमवायची आणि तोंडानं म्हणून घ्यायची. बायका बहुतेक निरक्षर, त्यांनी ऐकून पाठ केलं. जसं ऐकलं तसं. म्हणून आजही एका वाडीची चाल दुसऱ्या वाडीशी जुळत नाही. जुन्या पोथ्यांच्या प्रती ताडून कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरली ते पंडित ठरवतात. दर्शनानं पोथ्यांच्या जागी बायका घेतल्या. कुणाची चाल कशी, कोण कुठं लांबवतं, कोण कुठं श्वास घेतं. आणि त्यावरून तिनं दाखवलं, की ह्या वाडीची वंदना मुंबईतल्या कुठल्या चाळीतून, कुठल्या माणसाच्या तोंडून आली.

बऱ्याच वेळानं सर म्हणाले, ‘‘हे काय आहे? तुमच्या वाडीत पंचशील म्हणताना पाचव्या शीलाच्या मध्यावर सगळे थांबतात?’’

‘‘हो.’’

‘‘आजूबाजूच्या वाड्यांत नाही थांबत?’’

‘‘नाही. आमच्याच वाडीत. आणि वेळणेश्वरकडच्या एका वाडीत, तिथं आमच्याकडची मुलगी दिलेली. तिनं तिथं शिकवलं.’’

‘‘का थांबतात?’’

‘‘पुढं लिहिलंय, सर.’’

‘‘तू सांग.’’

दर्शना सांगू लागली. वाडीला वंदना शिकवणारा जानू गिरणीत होता. सुताच्या कणांनी त्याची छाती गेलेली. एका दमात एवढं मोठं शील त्याला म्हणता यायचं नाही. तो मध्येच थांबायचा, खोकायचा, पाणी प्यायचा आणि पुढचं म्हणायचा. समोर बसलेल्यांना वाटलं, इथं थांबायचंच असतं. त्यांनी तसंच पाठ केलं. जानू जाऊन पन्नासेक वर्षं झाली. वाडी अजून तिथं थांबते. लहान पोरंसुद्धा थांबतात. खोकला नाही, पण तेवढा वेळ सगळे गप्प राहतात आणि मग पुढचं म्हणतात.

सर म्हणाले, ‘‘मला जरा म्हणून दाखवतेस?’’

‘‘वंदना अशी दाखवायला म्हणत नाहीत, सर.’’

‘‘बरोबर आहे. चुकलो.’’ त्यांनी पान उलटलं. पुन्हा मागं घेतलं. ‘‘हे तू तुझ्या अर्जात लिहिलंयस ना?’’

तिनं लिहिलं नव्हतं. अर्जाच्या निवेदनात तिनं मोठमोठे शब्द वापरले होते, स्मृती, परंपरा, मौखिकता. जानूचा खोकला परदेशातल्या मोठ्या लोकांपुढं काय मांडायचा, असं तिला वाटलं होतं. ‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘घरचंच आहे ना ते.’’

‘‘घरचं म्हणजे?’’

‘‘जानू माझे आजोबा.’’

नेवरेकर सरांनी प्रबंध मांडीवर मिटला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही. ‘‘मी मूर्ख आहे, दर्शना,’’ ते म्हणाले. ‘‘हे माझ्या घरात पडलं होतं आणि मी लोकांच्या भाषणांना टाळ्या वाजवत फिरत होतो. कुठं आहे तो तुझा लॅपटॉप? लाव ते ईमेल का काय ते. आणि तू बाहेर जा.’’

‘‘मी टाइप करते ना सर, तुम्ही सांगा,’’ बॅगेतून लॅपटॉप काढून दुवा उघडत ती म्हणाली.

‘‘अजिबात नाही. इथं खाली लिहिलंय, अर्जदारानं पत्र वाचायचं नाही. तू टिक केलंयस ना? मग बाहेर. पडवीत बस.’’

तिनं लॅपटॉप सरांपुढं सरकवला, पत्र कुठं टाइप करायचं, शेवटी कुठं दाबायचं ते दाखवलं, आणि ती पडवीतल्या बाकावर येऊन बसली. आतून एकेका बोटानं टाइप केल्याचा आवाज येत होता. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक, टक. मध्येच सरांचं ‘हात्तिच्या!’ मध्येच हाक, ‘‘दर्शना, ‘श्वास’ला इंग्रजीत ‘ब्रेथ’च ना?’’ तिनं होय म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली.

‘‘आजोबांचं पूर्ण नाव सांग गं.’’

प्रबंधात तिनं नुसतं ‘जानू’ असं लिहिलं होतं, आपल्या माणसाचा बडेजाव नको म्हणून. ‘‘जानू भागोजी तांबे,’’ तिनं पडवीतून मोठ्यानं सांगितलं. आतून सरांनी तेच नाव हळूहळू, अक्षर अक्षर सुटं करून म्हटलं आणि टाइप केलं. टक, टक, टक.

मग तिला झोप लागली. बाकावर, भिंतीला डोकं टेकून, पर्स मांडीवर धरून. बसमध्ये लागते तशी धास्तीची झोप नव्हे, की आपला थांबा जाईल, कुणी पर्स ओढील. किती वर्षांनी तिच्या वाटणीचं काम दुसरं कुणीतरी करत होतं. ती तोंड उघडं टाकून झोपली.

जाग आली तेव्हा रामफळाखाली अंधार धरला होता आणि सर दोन कप चहा घेऊन उभे होते. चहा अगदी पाणचट होता. ‘‘पाठवलं,’’ ते म्हणाले. ‘‘तिन्ही ठिकाणी. आणि तो टक्क्यांचा तक्ता होता ना, त्यात काय केलं ते विचारू नकोस.’’

‘‘काय लिहिलंत, सर?’’

‘‘ते तू वाचायचं नाहीस.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. पण मनात लगेच आलं, घरी जाऊन सरांच्या ईमेलवर जरा बघू. वाईट खोड! सरांना ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

‘‘आणि पासवर्ड बदललाय मी,’’ ते म्हणाले. ‘‘अर्धा तास गेला त्यात माझा. पण बदललाय.’’

उत्तरं मार्चात येतात. ती येतील तेव्हा येतील आणि काय यायची ती येतील, त्यावर कुणाचा जोर चालत नाही. त्या रात्री दर्शनानं आपलं निवेदन काढलं, मोठे शब्द खोडले आणि जानूचा खोकला लिहिला. फार वेळ लागला नाही. अर्ज पाठवला आणि ती जेवायला बसली. अमरदीपची रात्रपाळी होती, घरात आत्या आणि ती दोघीच.

‘‘सरांनी लिवलानी काय गो?’’ आत्यानं भात वाढता वाढता विचारलं.

‘‘हो.’’

‘‘काय लिवलानी?’’

‘‘ठाऊक नाय, आत्ये.’’ आणि हे सांगताना तिचा घास हातातच राहिला. ‘‘मला ठाऊकच नाय गो,’’ ती पुन्हा म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.